बापाचा मारेकरी, पोराचा पालक : ‘बहादूर’चे फेरवाचन

मराठी बालकुमार साहित्याचा इतिहास लिहिताना ज्या गोष्टी सहसा गाळल्या जातात, त्यांत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा क्रमांक बराच वरचा आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर लेख लिहिले जातात, ‘चांदोबा’ची आठवण गहिवरून काढली जाते, अर्नाळ्याचे नाव लावणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनाही आता थोडीफार प्रतिष्ठा लाभली आहे. मात्र ज्या चित्रकथा एका संपूर्ण पिढीने परीक्षेच्या आदल्या रात्रीही पाठ्यपुस्तकात दडवून वाचल्या, त्यांच्याकडे समीक्षेने अनुवादित करमणूक म्हणून पाहिले आणि पुढे चाल केली. त्या अनुवादित नव्हत्या तेव्हासुद्धा!

आम्ही कोळगाव, पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातील काही वाचक. कुणी शिक्षक, कुणी औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले, कुणी साहित्याचे विद्यार्थी. अनेक घरांच्या माळ्यांवरून जमा झालेले ‘बहादूर’चे अंक आम्ही पुन्हा वाचले. आरंभी हेतू निव्वळ स्मरणरंजनाचा होता, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु वाचन पुढे सरकले तसे लक्ष नायकावरून ढळले आणि त्याच्या शेजारी खाकी गणवेशात उभ्या असलेल्या विशाल या पोलीस अधिकाऱ्यावर स्थिरावले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच की ‘बहादूर’ या चित्रकथेचे नैतिक केंद्र बहादूर नसून विशाल आहे. आणि हे केंद्र जागतिक चित्रकथांच्या परंपरेत जितके वेगळे आहे, तितकेच ते मराठी साहित्यातील पोलिसाच्या प्रतिमेशी ताडून पाहण्याजोगे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशित करणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिले ३२ अंक ली फॉक यांच्या फँटमचे होते. नंतर त्यात मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी अशा अन्य परदेशी नायकांची भर पडली. इंग्रजीखेरीज मराठीसह अनेक भारतीय भाषांत ही माला निघत असे. १९९० मध्ये ती बंद पडली तोवर ८०३ अंक प्रसिद्ध झाले होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक फँटमचे होते. आरंभी मासिक असलेली माला पुढे पाक्षिक आणि १९८० च्या दशकात साप्ताहिक झाली, यावरूनच तिच्या खपाची कल्पना यावी.

मराठी वाचकाने फँटमला ‘वेताळ’ म्हणून ओळखले. हे नामांतर वरवर पाहता सोयीचे वाटते, परंतु त्याचा परिणाम खोल होता. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची शीव राखणारा देव. तो रात्री गस्त घालतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने त्याला काही ठिकाणी चामड्याच्या वहाणा वाहतात. त्यामुळे एका अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये कल्पिलेला मुखवटाधारी गोरा पुरुष मराठीत आला तो ग्रामरक्षकाची झूल पांघरूनच आला. संपादकांनीही भारतीय वाचकाला खुपेल ते बदलले. फँटमचा मूळचा ‘बेंगाला’ हा देश इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. मात्र कथेचा सांगाडा बदलला नाही, आणि बदलणे शक्यही नव्हते. जंगलातील लोक भाबडे आणि त्यांचे रक्षण करणारा पिढ्यान्‌पिढ्या परकाच, हा तो सांगाडा.

याच सांगाड्यात वेताळाचे पोलीसही बसतात. जंगल गस्ती दल हे त्या जगातील पोलीस दल. त्याचा सेनापती कोण, हे खुद्द त्याच्या कर्नलालाही ठाऊक नसते. हुकूम एका तिजोरीतून येतात आणि निमूट पाळले जातात. वाचकाला अर्थातच ठाऊक असते की सेनापती म्हणजे वेताळच. लहानपणी या युक्तीची गंमत वाटे. आता वाटते, की वसाहतकालीन कल्पनेतील आदर्श पोलीस याहून वेगळा असणार नाही : शिस्तबद्ध, निष्ठावान आणि आपण कोणासाठी राबतो याविषयी पूर्ण अनभिज्ञ. अमेरिकन बॅटमनच्या कथेत कमिशनर गॉर्डन आहे. मे १९३९ मध्ये बॅटमन प्रथम अवतरला त्या पहिल्याच गोष्टीत तो हजर होता, म्हणजे बॅटमनचा सुप्रसिद्ध बालसाथी रॉबिन याच्याही आधी. गॉर्डन प्रामाणिक आहे, पण त्याला कायद्याच्या मर्यादा आड येतात. त्या मर्यादा ओलांडण्यासाठीच मुखवट्याची गरज भासते. थोडक्यात, या परंपरेत पोलीस मित्र हे पात्र नायकाच्या बेकायदा कृत्यांना नैतिक परवाना देण्यापुरते असते. त्याला स्वतःचा भूतकाळ असण्याची गरज नसते.

विशालला भूतकाळ आहे. किंबहुना त्याचा भूतकाळ हाच कथेचा उगम आहे.

‘बहादूर’चा जन्म डिसेंबर १९७६ चा. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. सुरती हे गुजराती व हिंदीतील कथा-कादंबरीकार आणि चित्रकार. ‘धर्मयुग’च्या वाचकांना त्यांचा ‘ढब्बूजी’ आठवत असेल. त्यांचे बालपण मुंबईच्या डोंगरी भागात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंदरावरून निघालेल्या आगगाडीतील गोरे सैनिक पोरांच्या घोळक्यात काहीबाही फेकीत, त्यात मिकी माऊसच्या चित्रकथेचे पान हाती लागले आणि चित्रांची ओढ लागली, ही आठवण त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. ज्याला चित्रकथा अशी परक्याच्या हातून फेकलेली मिळाली, त्यानेच पुढे परक्या नायकांच्या मालेत पहिला देशी नायक उभा करावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

बहादूरजवळ अलौकिक शक्ती नाही. मुखवटा नाही, गुप्त ओळख नाही. आरंभीच्या अंकांत तो भगवा कुडता आणि जीन्स घालतो. म्हणजे वर गाव आणि खाली शहर, असा त्या दशकातील महाविद्यालयीन तरुणाचाच वेष. त्याचे गाव जयगढ, चंबळच्या परिसरातले. शत्रू म्हणजे डाकू. आणि त्याच्या जन्मकथेचा आशय असा : बहादूर हा भैरवसिंग या डाकूचा मुलगा. भैरवसिंग पोलीस अधिकारी विशालच्या गोळीने मारला जातो. पोरक्या मुलाच्या मनात सुडाची आग असते. त्या मुलाला विशालच आपल्या आश्रयाला घेतो, वाढवतो, आणि बापाचे खरे रूप कळल्यावर तोच मुलगा डाकूंविरुद्ध उभा राहतो. गावकऱ्यांचे ‘नागरिक सुरक्षा दल’ स्थापन करतो. आणि हे दल लपूनछपून चालणारे नाही, त्याला कायद्याची मान्यता आहे.

या कथेची बॅटमनच्या कथेशी तुलना करावी, म्हणजे सुरतींनी काय केले ते लक्षात येते. बॅटमनचे आईबाप गुन्हेगाराच्या गोळीला बळी पडतात; म्हणून मुलगा गुन्हेगारीचा वैरी होतो. सूड आणि न्याय यांची दिशा एकच असते, त्यामुळे नायकाला मनात कोणाशी भांडावे लागत नाही. बहादूरच्या बाबतीत समीकरण उलटे आहे. येथे बाप गुन्हेगार आहे आणि मारणारा कायदा आहे. मुलाचे प्रेम एका बाजूला आणि न्याय दुसऱ्या बाजूला. या पेचातून सुटायचे तर दोघांपैकी एकाला मोठे व्हावे लागते, आणि मूल अर्थातच एकट्याने मोठे होऊ शकत नाही. म्हणून पहिले पाऊल विशालला टाकावे लागते. गोळी झाडणे हे त्याचे कर्तव्य होते. कोणत्याही चौकशीत तो निर्दोष ठरला असता. परंतु कर्तव्य संपले तेथे जबाबदारी संपली, असे तो मानत नाही. राज्याने केलेल्या हिंसेचे, ती न्याय्य असली तरी, काही देणे लागते; ते देणे मागे राहिलेल्या मुलाला द्यायचे असते. बत्तीस पानी चित्रकथेच्या मालेत हा विचार यावा, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

हा विचार हवेतून आलेला नाही. चंबळचा डाकू हा त्या काळी वर्तमानपत्रांचा रोजचा विषय होता. १९६० मध्ये विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यात फिरले आणि काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायणांच्या प्रेरणेने मोहरसिंग, माधोसिंग यांसारख्या नामांकित डाकूंनी साथीदारांसह शरणागती पत्करली. डाकूला गोळीखेरीज दुसरे काही देता येते काय, हा प्रश्न देशाने तेव्हा प्रत्यक्ष चर्चिला होता. तीन वर्षांनी आणीबाणी लागली आणि ज्यांच्या पायाशी डाकूंनी बंदुका ठेवल्या, त्या जयप्रकाशांनाच राज्याने अटकेत टाकले. ‘बहादूर’चा पहिला अंक निघाला तेव्हा आणीबाणी चालू होती, ती उठायला अजून काही महिने होते.

याच दोन वर्षांतील हिंदी चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. ‘दीवार’मध्ये (१९७५) पोलीस झालेला धाकटा भाऊ गुन्हेगार झालेल्या थोरल्याला गोळी घालतो, आणि सगळे दुःख आईच्या पदरी जाते. ‘शोले’मध्ये (१९७५) माजी पोलीस अधिकारी ठाकूर डाकूचा सूड घेण्यासाठी दोन भुरटे गुन्हेगार भाड्याने आणतो. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार मारतो; सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवट बदलावा लागला आणि पोलीस ऐनवेळी येऊन त्याचा हात धरतात. आणीबाणीतल्या राज्याला शेवटचा शब्द आपला हवा होता, मग तो पडद्यावर कितीही उपरा दिसो. या दोन्ही चित्रपटांत पोलिसाची गोळी किंवा पोलिसाची बेडी येथे कथा संपते. ‘बहादूर’मध्ये पोलिसाच्या गोळीने कथा सुरू होते. तीत पोलिसाला गोळीनंतरचे आयुष्य आहे. त्याला घरी जायचे आहे आणि घरी मारलेल्या माणसाचा मुलगा आहे.

मराठी साहित्यात याच सुमारास पोलीस कसा दिसत होता? येथे दोन टोके नजरेसमोर येतात, आणि दोन्हींवर विजय तेंडुलकरांचा हात आहे. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. घाशीराम कोतवालीसाठी पोटची पोर नानाच्या हवाली करतो. मिळालेल्या अधिकाराने शहर छळतो. अखेर त्याच शहराचा संतप्त जमाव त्याला दगडांनी ठेचतो. दुसरे टोक १९८३ च्या ‘अर्धसत्य’चे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेली ही पटकथा. त्यातील अनंत वेलणकर हा सबइन्स्पेक्टर मारकुट्या हवालदाराचा मुलगा आहे; बापाने बसवलेली हिंसा त्याच्या हातात उतरते आणि कोठडीत एक आरोपी त्याच्या मारहाणीने मरतो.

घाशीराम हा पोलीस होण्यासाठी मूल गमावणारा बाप आहे. वेलणकर हा पोलीस बापाने बिघडवलेला मुलगा आहे. या दोहोंच्या मधोमध, १९७६ मध्ये, विशाल उभा आहे : पोलीस असल्यामुळे बाप झालेला माणूस. तेंडुलकरांच्या दृष्टीपुढे विशाल भाबडा ठरतो, हे उघड आहे. सत्ता माणसाचे काय करते हे ‘घाशीराम’ने दाखवले, आणि ते विसरून कोणत्याही गणवेशाकडे पाहता येत नाही. परंतु तिन्ही कृतींत पोलिसाचा प्रश्न बाप आणि मूल यांच्या नात्यातून मांडला गेला, हे साम्य डोळ्याआड करण्यासारखे नाही. अधिकाराचा वारसा कोणाकडे आणि कसा जातो, याची त्या दशकाला लागलेली चिंता रंगभूमीवर, पडद्यावर आणि पोरांच्या चित्रकथेत अशी एकाच भाषेत बोलते. आमच्या मते अभ्यासकांनी या तिन्हींना एका टेबलावर ठेवायला हवे. उच्च आणि नीच साहित्याच्या कप्प्यांनी त्यांना आजवर वेगळे ठेवले आहे.

आता आमच्या परिसराकडे वळू, कारण पोलिसाची गोळी हा शब्दप्रयोग येथे निव्वळ कथेतला राहत नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्च्यावर पालघरला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा चौकात लोक जमतात. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांच्या जमावावर तलवाडा येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तेथेही पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. त्या लढ्याची कथा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली, आणि १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक त्या पुस्तकाला मिळाले. पालघर, डहाणू, तलासरीच्या माणसासाठी पोलिसाची गोळी म्हणजे ही दोन नावे. त्या गोळ्या ज्यांनी झाडल्या, त्यांच्यापैकी कोणी मागे राहिलेल्या मुलांच्या दारी गेला, असे या इतिहासात कोठे नोंदलेले नाही.

म्हणूनच विशालची गोष्ट येथे वाचताना ती दोन प्रकारे वाचावी लागते. एका अर्थी ती खोटी आहे, कारण राज्य असे वागल्याचा पुरावा नाही. दुसऱ्या अर्थी ती मागणी आहे. स्वतंत्र देशाने परक्या राज्याकडून पोलीस ठाणे, गणवेश, लाठी आणि बंदूक असे सारे घेतले. घेताना ज्यांच्यावर ती बंदूक चालली होती त्यांच्याशी नवे नाते जोडणे बाकी होते. सुरतींची चित्रकथा त्या न जोडलेल्या नात्याचा नमुना मांडते. १९७६ मध्ये जे मूल हा नमुना वाचत होते, त्याला स्वातंत्र्योत्तर पोलिसाने कसे असावे याची एक कसोटी नकळत मिळत होती. पुढे त्या कसोटीला उतरणारे पोलीस किती भेटले, हा वेगळा हिशेब आहे. पण कसोटी मिळाली होती, हे महत्त्वाचे.

‘नागरिक सुरक्षा दला’ची कल्पना याहून अवघड आहे. लहानपणी तिचे आकर्षण मोठे होते, कारण वेताळाच्या जगात गावकरी वाचवले जात, तर जयगढचे गावकरी स्वतःला वाचवीत. परक्या रक्षकाकडून स्वतःच्या रक्षणाकडे झालेला हा प्रवास ‘बहादूर’चे मोठे यश आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांतही ग्रामसुरक्षा दले, रात्रीची गस्त, पोलीस पाटील हे सगळे परिचयाचे. त्यामुळे जयगढ आम्हांला दूरचे वाटले नाही. पण हातात काठ्या घेऊन जागणारे गाव आणि जमाव यांच्यातले अंतर किती, हा प्रश्न आमच्याच जिल्ह्याने आमच्यापुढे ठेवला. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा जमावाने जीव घेतला. चोर-दरोडेखोर फिरत आहेत अशा अफवांनी त्या भागातील पाडे रात्रभर जागत होते. पोलीस घटनास्थळी होते. ते त्या तिघांना वाचवू शकले नाहीत. या घटनेवर पुढे जे राजकारण झाले त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आमच्या वाचनापुरता प्रश्न असा : राखण करायला जमलेले लोक मारेकरी कोणत्या क्षणी होतात?

‘बहादूर’चे अंक या प्रश्नासमोर धरले, की विशालचे स्थान आणखी स्पष्ट होते. बहादूरच्या दलाला जमाव होण्यापासून रोखणारी गोष्ट त्याचे शौर्य नव्हे. शौर्य जमावातही असते. ती गोष्ट म्हणजे पकडलेल्या माणसाला ज्याच्या स्वाधीन करायचे, असा कोणीतरी पलीकडे आहे आणि तो त्याला मारणार नाही, हा विश्वास. विशाल हा त्या विश्वासाचा चेहरा आहे. बहादूरने तो विश्वास सर्वांत कठीण मार्गाने मिळवला आहे, कारण त्याच माणसाने त्याचा बाप मारला होता. पोलिसावरचा विश्वास उडाला की गाव स्वतःच न्यायाधीश होते, आणि अफवा हाच पुरावा ठरतो. विशालला कथेतून काढून टाकले तर नागरिक सुरक्षा दल उरते, पण त्यातली ‘सुरक्षा’ उरेलच असे नाही. बॅटमनच्या कथेतून गॉर्डन वजा केला तर एवढे काही बिघडत नाही.

या चित्रकथेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जयगढचा माणूस डाकू का होतो, याचे उत्तर ती क्वचितच देते. जमीन, जात, सावकारी, ठाकुरांची वैरे हे चंबळचे खरे व्याकरण चित्रांच्या पार्श्वभूमीत विरून जाते आणि डाकू हा स्वभावानेच दुष्ट ठरतो. भैरवसिंगाविषयी मुलाच्या मनातील प्रेम जितक्या लवकर ओसरते, तितक्या लवकर ते खऱ्या आयुष्यात ओसरत नाही. बेला ही बहादूरची सहचरी धीट आहे, हातघाईच्या लढाईत तरबेज आहे, आणि १९७० च्या दशकातील नायिकांच्या मानाने पुष्कळ स्वतंत्र आहे. तरीही निर्णय बहुधा पुरुषच घेतात. याच वर्षांत महाराष्ट्रात मथुरा या आदिवासी मुलीवर देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराचा खटला (घटना १९७२ ची) न्यायालयांच्या पायऱ्या चढत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, देशभर स्त्रियांनी आवाज उठवला आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. जयगढच्या ठाण्यात अशी मुलगी कधी येत नाही. विशालच्या चांगुलपणाची परीक्षा ती आली असती तर झाली असती.

पुढे लेखनाची सूत्रे जगजीत उप्पल यांच्याकडे आणि कुंचला प्रमोद ब्राह्मणियांकडे गेला. माला साप्ताहिक झाल्यावर कथांचा वेग वाढला. तस्कर, हेर, शहरी टोळ्या आल्या. आम्ही वाचलेल्या या पुढच्या अंकांत विशाल हळूहळू कामगिरी सोपवणारा वरिष्ठ होत गेलेला दिसतो; आरंभीचा तो अवघडलेला पिता मागे पडतो. ही घसरण लेखकांच्या कुवतीची म्हणण्यापेक्षा मालिकेच्या स्वभावाची आहे. दर आठवड्याला नवे संकट हवे असले, की जुने ऋण आठवत बसायला पाने उरत नाहीत. गॉर्डनचेही असेच झाले, गस्ती दलाच्या कर्नलाचेही झाले. अपवाद होता तो विशाल काही काळ अपवाद राहिला, एवढेच.

मग हे फेरवाचन कशासाठी? जुन्या अंकांचे क्रमांक जुळवणारे, मुखपृष्ठांच्या रंगछटांवर तासन्‌तास वाद घालणारे रसिक आमच्यातही आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी जपले नसते तर समीक्षेला वाचायला काही उरले नसते. परंतु जपलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे हे काम संग्राहकाचे नाही. ते वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहे. मराठी विभागांतून लोकप्रिय साहित्यावर प्रबंध लिहिले जातात तेव्हा मराठीत वाचली गेलेली, पण मराठीत जन्माला न आलेली पुस्तके हद्दीबाहेर राहतात. ‘बहादूर’ची निर्मिती मुंबईत, गुजराती-हिंदीत लिहिणाऱ्या लेखकाच्या हातून, चंबळच्या पार्श्वभूमीवर झाली आणि ती पालघरच्या मुलाने मराठीत वाचली. ही पुस्तके वाचकाच्या भाषेची की लेखकाच्या, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या पिढीच्या वाचनाचा इतिहास पुरा होणार नाही.

सुरतींचे पुढचे आयुष्य या संदर्भात बोलके आहे. २००७ मध्ये त्यांनी मिरा रोडला एक लहानसे काम सुरू केले : दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन घरोघर जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरचे हे उपनगर. तेथील इमारतींत थेंब थेंब वाया जाणारे पाणी वाचवण्यासाठी सत्तरी ओलांडलेला लेखक जिने चढत होता. नागरिक सुरक्षा दलाची एवढी नम्र आवृत्ती चित्रकथेत कधी आली नसती. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, आणि कोणाला पकडून कोणाच्या स्वाधीन करायचे नाही. दार वाजवायचे, परवानगी मागायची आणि बिघडलेले नीट करून निघायचे.

२०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याचे मुख्यालय आमच्या कोळगावात उभे राहिले. शासन आता आमच्या शेजारी राहते. त्याच्या इमारती प्रशस्त आहेत आणि तेथवर पोहोचण्यासाठी जव्हार-मोखाड्याच्या माणसाला अजूनही दिवस घालवावा लागतो. या शासनाकडून बहादूरची अपेक्षा कोणी करू नये; एकट्या शूर माणसांनी गावे चालत नाहीत. अपेक्षा विशालची करावी. कायद्याने दिलेला अधिकार वापरल्यावर ज्यांच्या घरात त्याचे परिणाम पोहोचले, त्यांच्याकडे पाठ न फिरवणारा अधिकारी, एवढीच ती अपेक्षा आहे. मुलांच्या एका चित्रकथेने ती आणीबाणीच्या काळात नोंदवून ठेवली होती, आणि ती आजही तितकीच रास्त आहे.